खोडलेला फलक
१९८४-८५ च्या संपात ब्रिटनमधल्या खाणकामगारांसाठी लंडनच्या समलिंगी कार्यकर्त्यांनी रस्त्यावर बादल्या धरून पैसे जमवले. त्यावरचा ‘प्राइड’ हा चित्रपट २०१४ मध्ये आला. अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघाली तेव्हा वेष्टनावरच्या फोटोतले हसरे चेहरे तेच होते. मागच्या फलकावरची ‘लेस्बियन्स अँड गेज’ ही अक्षरं मात्र गायब. माहितीच्या मजकुरातही लंडनचे नुसते ‘कार्यकर्ते’ उरले. नवरदेवाचं नाव गाळून छापलेली लग्नपत्रिकाच ही! हे नवं नव्हतं. ‘अ सिंगल मॅन’ (२००९) या चित्रपटाच्या पोस्टरवर कॉलिन फर्थसोबत ज्युलिअ‍ॅन मूर आहे; आपला पुरुष जोडीदार गमावलेल्या प्राध्यापकाची ही गोष्ट आहे, हे त्यावरून ओळखून दाखवा. विक्रेत्यांचा हिशेब कळतो: उघड सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल. पण ‘प्राइड’मधली माणसं तर ओळख न लपवताच वेल्सच्या खाणगावात गेली होती, आणि १९८५ च्या लंडन प्राइड मोर्चात खाणकामगार आपले फलक घेऊन त्यांच्यासोबत चालले. त्या कामगारांना जे पचलं, ते तीस वर्षांनी डीव्हीडी विकत घेणाऱ्याला पचणार नाही, हे ठरवलं कोणी?