टाकीचा बॅकअप

ऑफिसात सर्व्हरचा बॅकअप नसला की आपण आभाळ डोक्यावर घेतो. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं काय?

गेल्या शनिवारी रात्री माझ्या टाकीचा सिलिकॉनचा जोड सुटला. हॉलमध्ये तळं! मी आधी मासे पकडायला धावलो. तेवढ्यात अर्धं पाणी लादीवर. उरलेल्या बादलीभर पाण्यात सगळे कोंबले, एअर पंप नाही. सकाळी एक क्लाउनफिश गेलेला.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा नळीने वरचं स्वच्छ पाणी बादल्यांत काढावं. मग दगड, त्याच पाण्यात बुडवून. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसा माशांचा या दगडांत! अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच राहतात. मासे शेवटी, दगड काढल्यावर ते सहज सापडतात. तळाची जुनी वाळू ढवळू नये, घाण वर येते. नवं पाणी लागलंच तर क्षारता १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, जुन्याशी जुळवूनच.

झाकणाच्या बादल्या, बॅटरीवरचा एअर पंप, जास्तीचं समुद्री मीठ. हे घरात नसेल तर टाकी घेऊच नये. सर्व्हर रिस्टोअर होतो हो, मासा नाही.