टाळ्या बीई ६ ला, बुकिंग एक्सईव्ही ९ई ला : महिंद्राच्या कूपे गाड्यांनी शौकिनांना वेड लावलं, पण जुन्नर-आंबेगावचं गणित वेगळं आहे

१४ ऑगस्ट २०२५ ला महिंद्राने बीई ६ या गाडीची बॅटमॅन एडिशन दाखवली. काळीकुट्ट, दारावर वटवाघळाचं चिन्ह, किंमत २७ लाख ७९ हजार. आधी ठरलं होतं की फक्त ३०० गाड्या काढायच्या. मागणी बघून कंपनीने आकडा ९९९ वर नेला. २३ ऑगस्टला बुकिंग उघडलं आणि १३५ सेकंदांत सगळ्या ९९९ गाड्या संपल्या. सव्वादोन मिनिटं. तेवढ्यात टपरीवरचा चहासुद्धा उकळत नाही.

या गाड्या बनतात चाकणला. चाकण सोडून पुणे-नाशिक हायवेने पुढे निघालं की राजगुरुनगर, मग आंबेगावातलं मंचर, मग जुन्नरमधलं नारायणगाव आणि आळेफाटा. म्हणजे ज्या गाडीवर देशभर रील बनतायत, तिचा कारखाना मंचरपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. आता प्रश्न असा, की रीलवर दिसणारं हे वेड आणि या पट्ट्यातल्या माणसाची खरेदी, यांचा एकमेकांशी कितपत संबंध आहे?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत महिंद्राने बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक गाड्यांवरचा पडदा काढला. दोन्ही कूपे एसयूव्ही. कूपे म्हणजे मूळची दोन दारांची, मागच्या बाजूला छत उतरत गेलेली गाडी. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'कापलेली'. युरोपात ती हौसेची, जोरात पळवायची गाडी. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये एक्स ६ आणून ते उतरतं छत उंच एसयूव्हीवर बसवलं आणि तेव्हापासून हा प्रकार वाढत गेला. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये टाटाची कर्व्ह आणि सिट्रोएनची बसाल्ट एकाच महिन्यात आल्या. महिंद्राच्या गाड्या त्यानंतरच्या, पण गाजावाजा सगळ्यात जास्त झाला तो त्यांचाच.

का झाला? कारण गाडीचे शौकीन एका गोष्टीला कायम वैतागलेले असतात. कंपनी प्रदर्शनात विमानासारखी दिसणारी गाडी दाखवते आणि शोरूममध्ये येते ती साधीसुधी. बीई ६ ची संकल्पना १५ ऑगस्ट २०२२ ला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला दाखवली होती. सवादोन वर्षांनी जी विकायला आली ती बऱ्यापैकी तशीच होती. टोकदार नाक, सी आकाराचे दिवे, विमानाच्या कॉकपिटसारखी ड्रायव्हरची जागा. डिझाईनची सूत्रं प्रताप बोस यांच्याकडे, ज्यांनी आधी टाटाची नेक्सॉन आणि हॅरियर घडवली. गाडीतले आवाज ए. आर. रेहमान यांचे. शून्य ते १०० चा वेग ६.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. आणि सुरुवातीची किंमत १८ लाख ९० हजार. एवढ्या पैशात असं दिसणारं आणि असं पळणारं काही भारतात मिळत नव्हतं, त्यामुळे शौकीन खूश झाले यात नवल नाही.

नावावरूनही राडा झाला. '६ई' हा इंडिगो विमान कंपनीचा कोड. इंडिगो दिल्ली हायकोर्टात गेली आणि ७ डिसेंबर २०२४ ला महिंद्राने जाहीर केलं की गाडीचं नाव फक्त बीई ६ असेल. मीम्सवाल्यांची आठवडाभराची सोय झाली आणि फुकटची जाहिरातही.

पण कौतुकाचा पहिला भर ओसरल्यावर दुसरे आवाज आले. मागच्या खिडक्या लहान. मागे बसलं की बंदिस्त वाटतं. मांडीला पुरेसा आधार नाही. मागच्या दाराचं हँडल लपवलेलं, म्हाताऱ्या माणसाला पटकन सापडायचं नाही. बोटांचे ठसे उमटणारं चकचकीत काळं प्लास्टिक. थोडक्यात, गाडी चालवणाऱ्यासाठी आहे, बसणाऱ्यांसाठी नाही. आणि छत उतरतं केलं की पहिला फटका मागच्या सीटलाच बसतो, ही कूपेची जुनीच अडचण आहे. युरोपात तो प्रश्न नव्हता, कारण तिकडे कूपे घेणाऱ्याकडे कुटुंबासाठी दुसरी गाडी असायची.

आता खरी मजा आकड्यांमध्ये आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग सुरू झालं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या, किंमत ८,४७२ कोटी रुपये. रील, थंबनेल, पोस्टर सगळीकडे होती बीई ६. पण बुकिंगमध्ये एक्सईव्ही ९ई ला ५६ टक्के आणि बीई ६ ला ४४ टक्के मिळाले. ९ई तीन लाखांनी महाग, तरी पुढे. कारण सरळ आहे. दोन्ही गाड्यांच्या चाकांमधलं अंतर सारखंच, २,७७५ मिलिमीटर. पण ९ई सव्वा फुटाहून जास्त लांब आहे आणि तिची डिकी ६६३ लिटरची, बीई ६ ची ४५५ लिटरची. लोकांनी टाळ्या एकीला वाजवल्या आणि पैसे भरले दुसरीसाठी.

कंपनीनेही हे ओळखलेलं दिसतं. बरोबर एक वर्षाने, २७ नोव्हेंबर २०२५ ला महिंद्राने एक्सईव्ही ९एस आणली. त्याच घराण्यातली, पण छत सरळ आणि सीट सात. सुरुवातीची किंमत १९ लाख ९५ हजार, म्हणजे ९ई पेक्षा कमी.

जुन्नर-आंबेगावात 'शौकीन' हा शब्द गाडीवाल्यांच्या आधीपासून आहे. तो बैलगाडा शौकिनांचा. पुढे घोडी, मागे बैल, चढणीचा घाट आणि हातातल्या घड्याळावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेली बारी. भंडारा उधळायचा, 'भिर्रर्र' म्हणायचं आणि कोणाचा गाडा घाटाचा राजा झाला यावर महिनाभर वाद घालायचा. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत शर्यत नसतानाही अनेकांनी बैल सांभाळले, खुराक चालू ठेवला. हौसेला मोल नसतं हे या भागाला कोणी शिकवायची गरज नाही. त्यामुळे ६.७ सेकंदांची भाषा इथे लगेच कळते.

पण त्याच शर्यतींची बक्षिसं बघा. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या मोठ्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर आणि दुचाकी होत्या. हौस बैलावर करायची आणि चाकं कामाची घ्यायची, असा हा हिशोब. बोलेरोत क्रेट जातात, देवदर्शनाला नऊ माणसं जातात आणि पाच वर्षांनी विकली तरी गिऱ्हाईक उभं असतं. इलेक्ट्रिक कूपेला जुन्या बाजारात काय भाव येईल, हे ठरायला अजून वर्षं जायची आहेत. बॅटरीवर आजीवन वॉरंटी आहे खरी, पण ती पहिल्या मालकापुरती.

दुसरा मुद्दा विजेचा. मोठी ७९ किलोवॅट-तासांची बॅटरी घरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर भरायला साडेअकरा तासांहून जास्त लागतात. ११.२ किलोवॅटचा चार्जर लावला तर आठ तास, पण त्याला थ्री फेज लागतं. गावठाणात घर असेल तर मीटरचा मंजूर भार वाढवून जमतं. मळ्यातल्या घराचं काय? तिथे घराला बहुतेक सिंगल फेज आणि थ्री फेज ती शेतीपंपाची, ठरावीक तासांची, कधी दिवसा कधी रात्री. शेतीपंपाचं कनेक्शन गाडीला वापरता येत नाही. बिबट्याच्या भीतीने पाणी द्यायला दिवसा वीज द्या म्हणून जो भाग भांडतोय, तिथे रात्रभर गाडी चार्जिंगला लावायची हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही. पल्ल्याची मात्र काळजी नाही. नारायणगाव ते पुणे जाऊन-येऊन साधारण १५० किलोमीटर होतात आणि मोठ्या बॅटरीवर रोजच्या वापरात ५०० किलोमीटर मिळतील असं कंपनी सांगते. त्यातून शंभरेक कमी धरले तरी चिंता नाही.

तिसरा आणि सगळ्यात अवघड मुद्दा हप्त्याचा. २०२३ च्या मे महिन्यात टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली होती. जुलैत नारायणगाव बाजारात २० किलोचं क्रेट २,००० रुपयांच्या वर गेलं. तेव्हा 'टोमॅटोच्या पैशात गाडी घेतली'च्या पोस्टने मोबाईल भरून गेले. पण बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, टोमॅटोचा भाव असा जुलै दर वर्षी आणत नाही. २० लाखांची गाडी पाच-सात वर्षांच्या कर्जावर घेताना एका हंगामाचा पैसा धरून चालत नाही. शर्यतीचा बैल वाईट वर्षात विकता तरी येतो. कर्जावरची गाडी विकायची तर आधी बँक विचारावी लागते.

सरकारी धोरणाचा काटा दोन्हीकडे झुकलाय. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. ९ई चं ३० लाख ५० हजारांचं टॉप मॉडेल त्यात आलं असतं, पण त्याच महिन्यात तो प्रस्ताव मागे घेतला गेला. नव्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. चांगली गोष्ट आहे, फक्त पुणे-नाशिक हायवे त्या यादीत नाही. चाळकवाडीचा टोलनाका बॅटरीवाल्याला आणि डिझेलवाल्याला सारखाच.

तिकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. इलेक्ट्रिक गाड्यांवर आधीही ५ टक्के होता, आताही ५ टक्केच आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या डिझेल गाड्यांचा कर मात्र १८ टक्क्यांवर आला आणि बोलेरो १ लाख २७ हजारांपर्यंत स्वस्त झाली.