बंदी की बंदोबस्त?

गांजाचा विषय काढला की आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक "शिव शिव, नावही काढू नकोस!" म्हणणारी, आणि दुसरी "अगं, शंकराचा प्रसाद आहे तो!" म्हणून दात काढणारी. मला दोघांशीही भांडायचंय. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठी सांभाळून घ्या. आणि हो, मी स्वतः ओढत नाही, रेक्टर मॅडमनी निश्चिंत राहावं!)

निमित्त हिमाचल प्रदेशचं. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली आमदारांची समिती नेमली. सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांना भांगेच्या लागवडीचा प्रायोगिक अभ्यास करायला मंजुरी दिली. नशेसाठी नव्हे हं! औषधं आणि उद्योगांसाठी. उत्तराखंडने तर औद्योगिक लागवडीला २०१८ मध्येच परवानगी दिली होती.

"म्हणजे सरकारच गांजा पिकवणार?" थांबा, आधी कायदा बघू. १९८५ चा एनडीपीएस कायदा झाडाच्या फुलोऱ्याला गांजा आणि राळेला चरस म्हणतो आणि त्यांवर बंदी घालतो. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया मात्र त्या व्याख्येत नाहीत. एकाच झाडाचं पान चालतं, फूल चालत नाही! धागा आणि बियांसाठी परवानगीने लागवड करायची सोयही याच कायद्यात आहे. तेव्हा हिमाचल काही जगावेगळं करत नाहीये.

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलू. नशा आणतो तो घटक म्हणजे टीएचसी. उत्तराखंडने त्याची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. पण डोंगरातल्या देशी झाडांत तो कितीतरी जास्त असतो, आणि या झाडाचे परागकण वाऱ्यावर लांबवर जातात. शेजारच्या रानटी झाडामुळे पुढच्या वर्षीचं बियाणं बिघडलं, तर दोष शेतकऱ्याचा का? म्हणून नुसता परवाना पुरत नाही. खात्रीचं बियाणं, शेताची तपासणी, प्रयोगशाळा, सगळंच लागतं. बंदोबस्त म्हणतात तो हाच. बंदी घालणं सोपं असतं, पण बंदी असूनही मलाणा गावचा चरस जगभर प्रसिद्ध झालाच ना? चोरट्या बाजारात गिऱ्हाईकाचं वय कोण विचारतं? मालात भेसळ आहे का, कोण बघतं?

मात्र खुली विक्री करा, असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१४ पासून दुकानं उघडली, तीसुद्धा एकवीस वर्षांवरच्यांसाठीच. आपल्या वयात मेंदूची वाढ अजून चालू असते, त्यामुळे धोका आपल्यालाच जास्त. प्रसादवाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण मग सापडलेल्या पोराचं काय करायचं? गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोडासा जवळ सापडला तर कैद एक वर्षापर्यंत. वर केस चिकटली की पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे ती आडवी येणार. शेतकऱ्यासाठी सरकार नवा विचार करतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. मग एकोणीस वर्षांच्या मुलासाठी फक्त पोलीसच का?

गंमत म्हणजे याचंही उत्तर कायद्यातच आहे. कलम ६४अ म्हणतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. किती जणांना हे ठाऊक आहे? हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर "अमली पदार्थ सापडल्यास कडक कारवाई" एवढंच लिहिलेलं असतं. त्याच्या खाली कलम ६४अ आणि जवळच्या उपचार केंद्राचा पत्ताही लावा ना! भीतीने लपून बसलेला एखादा मित्र तो वाचून वेळेत बाहेर पडेल. त्याला हिमाचलच्या अहवालाची वाट बघायला लावू नका.