तळ्याकाठी रोज का जावे?

साखर वाढली, बीपी वाढला की डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. आपण चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी सोडून देतो. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, कामाला पळायचे. त्यात नुसते चालायला कोणाला जमते? सांगलीतल्या आमच्या वस्तीतील सहा-सात जणांचेही असेच झाले होते. यंदाच्या पावसाळ्यात मात्र आमचे चालणे सुटले नाही. त्याला कारण झाली एक टिबुकली.

टिबुकली हा बदकाहून बराच लहान पाणपक्षी. पाहता पाहता बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. बागेतल्या तळ्यात एक जोडी चोचीत पाणगवत धरून एकाच जागी नेताना दिसली. दुसऱ्या दिवशी तिथे हिरवट ढीग तरंगत होता. तेच घरटे. वाहून जाऊ नये म्हणून ते पाणवनस्पतींना अडकवलेले असते. नर-मादी मिळून ते बांधतात, अंडीही आळीपाळीने उबवतात. घरट्यावरून उठताना अंड्यांवर ओला पाला ओढून ठेवतात. साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. हे पाहायचे तर रोज जावेच लागते!

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे १,३०० लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसला किंवा त्याचा आवाज ऐकला की मनाला बरे वाटते आणि हा परिणाम काही तास टिकतो, असे त्यात आढळले. नैराश्य असलेल्यांनाही हा फायदा दिसला. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळी चालू ठेवायची आणि तळ्यावरही जायचे.

पण एक गोष्ट मनाला लागली. त्या घरट्यात गवताबरोबर प्लास्टिक पिशवीची चिंधी होती. काठाला सरबताचे ग्लास अडकले होते. ते सगळे दुसऱ्यांनीच टाकले, असे आम्हाला म्हणता येणार नाही. जयंतीला आपणही ग्लास वाटतो; नंतर ते कुठे जातात हे किती जण पाहतो? अशाच ग्लासात, टायरात पावसाचे पाणी साठते आणि तिथे डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणजे जो कचरा पक्ष्याच्या घरट्यात जातो, तोच आपल्या घरात ताप आणतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सार्वजनिक पाणवठ्यावरचा आपला हक्क बजावला. मग बागेतले तळे मोठ्या बंगल्यांतल्या लोकांचे आणि आपण तिथे पाहुणे, असे का मानायचे? ते आपले आहे, म्हणून राखायचेही आपणच. पुढच्या जयंतीला स्टीलचे पेले वापरावेत, असे आमचे मत आहे.

साताऱ्याचे महादरे, खटाव तालुक्यातील मायणी किंवा तुमच्या वस्तीजवळचे कोणतेही तळे असो, घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन सकाळी जा. मुलांचा हात धरा, घरट्यापासून लांब थांबा, दगड मारू देऊ नका, पाव टाकू नका. काठावर उभे राहून नुसते पाहा. उद्या पुन्हा जावेसे वाटेल. औषध तेच आहे.