सेनापती शत्रूमुळे कमी संपले, घरच्या कारभारामुळे जास्त



मागच्या महिन्यात धुळ्याच्या बॅचमध्ये एका पोराने हात वर केला. "सर, चिनी सेनापतींच्या युद्धनीतीवर एक व्हिडिओ करा ना. बिझनेसला लय कामी येईल." पोरगं हुशार आहे, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायच्या तयारीत आहे. मी हो म्हटलं, व्हिडिओ केला, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाही. पण काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर बोलता आल्या नाहीत. त्या इथे लिहितो.

बीबीएला असताना आम्हाला स्ट्रॅटेजीचा पेपर होता. सुन त्झूचं नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून बघतोय, जो उठतो तो सेनापतींच्या विजयावर बोलतो. कसा वेढा घातला, कसा गनिमी कावा केला, कसं मार्केट मारलं. पण त्या सेनापतींचं शेवटी झालं काय, हे कोणी सांगत नाही. माझं मत असं आहे की दुकानदाराने विजय कमी वाचावेत आणि शेवट जास्त वाचावेत. नुकसान कुठून होतं ते शेवटात दिसतं.

चीनचंच आधी घ्या. बाई छी नावाचा सेनापती होता, चिन राज्याचा. इ.स.पू. २६० मध्ये चांगपिंगची मोठी लढाई त्याने जिंकली. पुढे राजाशी मतभेद झाले, त्याने मोहिमेवर जायला नकार दिला, आणि राजाने त्याला तलवार पाठवली. म्हणजे स्वतःच जीव दे. हान शिनने लढाया जिंकून हान घराणं गादीवर बसवलं, त्याच घराण्याने इ.स.पू. १९६ मध्ये त्याला मारलं. आपल्याकडे याला सरळ म्हण आहे: गरज सरो, वैद्य मरो.

आता तुम्ही म्हणाल, ते चीनमध्ये. चला, आपल्याकडे या.

प्रतापराव गुजर माहीत आहेत ना? १६७० च्या अखेरीस ते फौज घेऊन आपल्या खानदेशात आले होते आणि गावोगावच्या प्रमुखांकडून चौथाईचे करार लिहून घेतले होते. १६७२ ला साल्हेरला, म्हणजे धुळ्याहून फार लांब नाही, बागलाणात, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. असा माणूस. १६७३ मध्ये उमराणीला त्यांनी बहलोलखानाला कोंडलं, पाणी तोडलं. खान गयावया करू लागला आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. खान पुन्हा फौज घेऊन आला. महाराज संतापले. त्यांनी कळवलं, त्याचा अर्थ असा की खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. २४ फेब्रुवारी १६७४, गडहिंग्लजजवळ नेसरी. परंपरेने सांगतात की प्रतापराव फक्त सहा स्वार घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण गेले. तीन-साडेतीन महिन्यांवर राज्याभिषेक होता.

इथे गैरसमज नको. महाराजांचा राग रास्तच होता, खान सोडणं ही चूक होतीच. आणि महाराजांनी नंतर काय केलं तेही बघा. प्रतापरावांची मुलगी जानकीबाई, राजाराम महाराजांशी लग्न लावून सून करून घेतली. गेलेल्या माणसाचं घर त्यांनी आपलं मानलं. महाराजांच्या नखाचीही सर मला नाही. मी सांगतोय ते माझ्याबद्दल.

माझं पाईप, मोटारपंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. सुरुवातीपासून काउंटरवर एक माणूस होता. माझ्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला शेठ म्हणायचे. यावल-रावेरच्या केळीवाल्यांना कोणती मोटार लागेल ते बोअरची खोली ऐकून सांगायचे. सहा वर्षं गल्ल्याची किल्ली त्यांच्याकडे. एक वाईट सवय होती, ओळखीच्या शेतकऱ्याला नाही म्हणता यायचं नाही. "पट्टी निघाली की देतो" म्हटलं की माल द्यायचे.

एका उन्हाळ्यात उधारी ५२ हजारांवर गेली. माझा बँकेचा हप्ता डोक्यावर होता. रात्री साडेअकराला मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: "उधारी आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका." स्टाफच्या ग्रुपवर. दोन पोरं तो मेसेज वाचत होती, ज्यांना दादांनीच काम शिकवलं होतं.

दादा पाच दिवस आले नाहीत. मे महिना, तुम्हाला जळगावचं ऊन सांगायला नको. सहाव्या दिवशी दुपारी आले. ५२ हजार काउंटरवर मोजून ठेवले, त्यावर गल्ल्याची किल्ली ठेवली. एवढंच बोलले, "हिसाब ली ल्या शेठ, मी चालनू." मी पैसे मोजत बसलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. वाटलं, बघा, कडक झालं की वसुली होते.

दोन महिन्यांनी एक शेतकरी पैसे द्यायला आला. म्हणाला, "त्या दादांनी माझे भरलेत म्हणे, त्यांचा पत्ता द्या." तेव्हा कळलं. वसूल झाले होते ४१ हजार. वरचे ११ दादांनी स्वतःच्या भिशीतून उचलून भरले होते.

मी धुळ्याला जाऊन ते ११ हजार परत केले. त्यांनी घेतले, चहा पाजला, परत काही आले नाहीत. आज त्यांचं स्वतःचं छोटं दुकान आहे आणि चांगलं चाललंय. माझे काही जुने ग्राहक तिकडे गेले. जाणारच. ते माझे ग्राहक नव्हतेच, दादांचे होते.

म्हणून नेसरीची गोष्ट आता मी वेगळी वाचतो. शूर माणसाला, इमानदार माणसाला टोचून बोललात तर तो ऐकतो. आणि जास्तच ऐकतो. कामचुकार माणूस असा मेसेज वाचून झोपून जातो. तुमचा कडक शब्द नेमका चांगल्या माणसालाच लागतो.

आता दुसरी बाजू. सगळा दोष मालकाचाच असतो असंही नाही. संताजी घोरपडे घ्या. १६९५ ला दोड्डेरीला कासिमखानाला कोंडलं, लगेच १६९६ च्या सुरुवातीला हिंमतखानाला मारलं. औरंगजेबाच्या फौजेत त्यांच्या नावाचा धाक होता. पण शिस्त इतकी कडक आणि जीभ इतकी तिखट की आपलीच माणसं दुखावली. छत्रपती राजारामांशी बिनसलं. सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेलं, दोघांच्या फौजा एकमेकांवर चालून गेल्या. १६९७ मध्ये संताजींना नागोजी माने यांनी मारलं. कारण? नागोजींच्या मेहुण्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं. ज्याला मोगल हरवू शकले नाहीत, तो माणूस घरच्या वैरात गेला.

त्र्यंबकराव दाभाडे तर सेनापती असताना आपल्याच पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडले, डभोईला, १ एप्रिल १७३१. मुळाशी भांडण गुजरातच्या वसुलीचं होतं. कोणाचा एरिया कोणता, कोणाचा हक्क किती. पार्टनरशिपमध्ये तुम्ही हेच बघता ना?

आणि एक आपल्या अगदी दारातलं. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला. जानेवारी १८१८ ला होळकरांनी मंदसोरला इंग्रजांशी तह केला आणि इकडचा मुलूख कागदावर देऊन टाकला. २७ फेब्रुवारीला इंग्रज फौज थाळनेरला आली. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन शरण आले, पण आतल्या दारात काहीतरी गैरसमज झाला, आतल्या अरब शिबंदीने इंग्रज अधिकारी मारले. मग आतल्या लोकांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली. सही झाली मंदसोरला आणि जीव गेले थाळनेरला. दुकान विकायचं ठरलं, पार्टनर बदलला, जागा सोडायची आहे, तर तुमच्या काउंटरवरच्या माणसाला आधी आणि नीट सांगा. बाहेरचा माणूस दारात येऊन त्याला सांगायला नको.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही सोयीची उदाहरणं निवडताय. खरं आहे, सगळे असे गेले नाहीत. हंबीरराव मोहिते १६८७ ला वाईजवळ लढाईत तोफेचा गोळा लागून गेले. पहिले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला तापाने गेले (हे निमाडातलं, आपलं रावेर नव्हे), वय ३९. माझ्या वयाच्या लोकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दहा वर्षं एक दिवस दुकान बंद न ठेवल्याचं स्टेटस ठेवणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि चांगले शेवटही आहेत. महादजी शिंदे पानिपतातून जखमी पाय घेऊन वाचले, दिल्लीचा कारभार हातात घेतला, तरी पेशव्यांपुढे स्वतःला पाटीलच म्हणवत राहिले. १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला आजारपणात गेले. कोणाच्या तलवारीने नाही. चीनमध्ये वांग च्येन मोठी फौज घेऊन निघताना राजाकडे सारखी जमीन आणि घरं मागत राहिला. लोक हसले. पण राजाला कळलं की याला फक्त जमीन हवी आहे, गादी नको. तो सुखाने जगला. म्हणजे अपेक्षा बोलून दाखवली की संशय कमी होतो. तुमच्या माणसाने पगारवाढ मागितली तर रागावू नका. जो काहीच मागत नाही, त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळत नाही. दादांनी सहा वर्षांत एकदाही मागितली नव्हती, आणि मी ते चांगलं लक्षण समजत होतो.

मला सगळ्यात आवडतो तो फान ली. इ.स.पू. ४७३ मध्ये आपल्या राजाला वू राज्यावर विजय मिळवून दिला आणि लगेच नोकरी सोडली. सोबतचा वन चोंग थांबला, त्याला राजाने तलवार पाठवली. फान ली ताओ गावी जाऊन व्यापारी झाला. तीनदा संपत्ती कमावली आणि वाटली असं सांगतात. आजही चिनी लोक त्याला व्यापाऱ्यांचा आदर्श मानतात. तुमच्यापैकी बरेच जण आज कोणाच्या तरी दुकानात, एमआयडीसीत, एजन्सीत काम करता आणि उद्या स्वतःचं टाकणार आहात. तर असं निघा. काम पूर्ण करून, हिशोब देऊन, भांडण न करता. दादा तसेच निघाले होते.

आता कामाचं बोलू. मी दुकानात पाच नियम केलेत:

१. रागाचा मेसेज रात्री लिहायचा नाही. लिहिलाच तर सकाळी वाचून मग पाठवायचा. ग्रुपवर तर कधीच नाही.

२. उधारी किती आणि कोणाला, हे मालकाने आधी लिहून द्यायचं. मर्यादा आपण ठरवायची नाही आणि नंतर माणसाला धरायचं, हे चुकीचं.

३. पार्टनर असो की सेल्समन, एरिया आणि कमिशन कागदावर, तारखेसह.

४. जुन्या माणसाशी वर्षातून दोनदा एकट्याने बसायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय हवंय.

५. दुकानाबद्दलचा मोठा निर्णय ग्राहकाच्या आधी स्टाफला कळला पाहिजे.

हे करून माणसं सोडून जात नाहीत असं नाही. मागच्या दिवाळीनंतर माझा एक पोरगा गेलाच. पण जाताना घरी पेढे घेऊन आला.

तुमच्या दुकानात असा एखादा दादा आहे का? असेल तर आज हा लेख शेअर करण्याआधी त्याच्याशी पाच मिनिटं बोला. आणि तुम्हीच कोणाच्या दुकानात दादा असाल तर तुमचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं नाव मात्र लिहू नका. पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी ठेवायची ते दाखवतो.

भेटू.