माहूरचा वाघ आणि आपला अभ्यासक्रम

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या सहली माहूरला नेमाने जातात. रेणुकेचे दर्शन होते, दत्तशिखर होते, वेळ उरलाच तर सहस्रकुंडाचा धबधबा पाहिला जातो. वाटेवरचे सागाचे डोंगर मात्र बसच्या खिडकीतूनच मागे पडतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी तेथे खाली उतरावे, असे आम्हांस वाटते. आणि त्याचे कारण वाङ्मयीन आहे.

मराठवाडा म्हटला की आपल्या मनात दुष्काळ उभा राहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा ते चित्र खोटे आहे असे कोण म्हणेल? पण एका खऱ्या चित्राने दुसरे खरे चित्र झाकून टाकले आहे. किनवट-माहूरचा मुलूख हा पानझडी वनांचा मुलूख आहे. साग, मोह, तेंदू, धावडा, पळस ही तेथली झाडे. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. तरीही मराठीतील अरण्यलेखन शिकवताना आपण व्यंकटेश माडगूळकरांबरोबर नागझिऱ्याला आणि मारुती चितमपल्लींबरोबर नवेगावला जातो. घराजवळच्या रानात जात नाही.

वास्तविक हे रान मराठीच्या आरंभापासून मराठीत आहे. महानुभावांच्या सातीग्रंथांपैकी रवळोबासांचे 'सह्याद्रिवर्णन' आपण परीक्षेपुरते नावाने पाठ करतो. त्यातील सह्याद्री म्हणजे माहूरचा डोंगर, हे किती जणांच्या ध्यानात राहते? पंचकृष्णांपैकी चक्रपाणी माहूरला आले असता श्रीदत्तात्रेयप्रभूंनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला, अशी पंथाची श्रद्धा आहे. ही कथा आपण रूपक म्हणून समजावतो. परंतु ज्या डोंगरात वाघ खरोखर हिंडत होता, तेथेच ती सुचू शकते. तो वाघ इतिहासजमाही झालेला नाही. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण नर वाघ पैनगंगेच्या खोऱ्यातून वाट काढीत, तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून ही वाट आपल्याला कळली.

या रानाला आजही वाङ्मय आहे. फक्त ते आपल्या अभ्यासक्रमात नाही. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातील भाषा आणि तांड्यांवरची गोरमाटी येथे नांदतात. गाणी, दैवतकथा, झाडापाखरांची नावे त्या भाषांत आहेत. रानाला लागून राहणाऱ्यांना रस्ता हवा असतो, पिकाची राखण हवी असते. त्यांच्याकडे पाठ फिरवून केलेले वनवर्णन ही केवळ पर्यटनाची जाहिरात होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. माहूरच्या सहलीतील एक दिवस या वनाला द्यावा. जाण्यापूर्वी वर्गात 'सह्याद्रिवर्णन' वाचावे. तेथे गेल्यावर एकेका झाडाचे नाव तेथल्याच माणसाला, त्याच्याच बोलीत विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. ज्या प्रदेशाला भाषेत जागा नसते, तो धरणाच्या आणि रस्त्यांच्या नकाशांवर रिकामाच दिसतो. ही वही भरण्याचे काम वनखात्याचे नव्हे, ते मराठी विभागांचे आहे.