बाटली फेकणारा आणि त्याचा शेजारी

क्रिकेटच्या मैदानावर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या की दुसऱ्या दिवशी दोन प्रकारचे विद्वान बोलू लागतात. पहिले म्हणतात, "हा जनतेच्या भावनांचा उद्रेक आहे." दुसरे म्हणतात, "ही अमक्या प्रांताच्या लोकांची खोडच आहे." येथे बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, आम्हां मराठी नोकरदारांच्या बैठकीत, हे दोन्ही पक्ष नित्य भेटतात, आणि आमचे मत असे की, दोघेही अपराध्याला पाठीशी घालतात.

प्रथम भावनेचा विचार करू. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारताची स्थिती १ बाद ९८ अशी भक्कम होती. ती पाहता पाहता ८ बाद १२० झाली. गॅलऱ्यांतून बाटल्या सुटल्या, आगी लागल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद विनोद कांबळी रडत परतला. त्या अश्रूंच्या आठवणीने आमची मंडळी आजही हळहळतात. पण ते अश्रू कोणी आणले, हे विचारीत नाहीत. १३२ धावा हव्या होत्या, गडी दोनच उरले होते; पराभव समोर दिसत होता, हे खरे. परंतु शेवटच्या चेंडूपर्यंत झुंजून हरण्याचा खेळाडूचा जो मान, तोच या भक्तांनी हिरावून घेतला. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याच्याच हातची बॅट काढून घ्यायची, ही भक्ती कोणत्या संप्रदायाची?

आता प्रांताचे पाहू. "कलकत्तेकर उतावळे, आपल्या मुंबईचा प्रेक्षक जाणकार," हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवनला बाद दिल्यावर बाटल्या आणि खुर्च्या भिरकावल्या गेल्या, आगी पेटल्या. तेथे कोण कलकत्त्याहून आले होते? जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवरच्या पहिल्याच कसोटीत, लॉइडचे अभिनंदन करायला धावलेल्या मुलाला पोलिसांनी मारले, म्हणून प्रेक्षक बिथरले आणि त्या दिवसाचा उरलेला खेळ बुडाला. मुलासाठी आलेला राग समजू शकतो. पण बुडाला तो खेळच. एकवीस वर्षांनी ईडनवर निकाल देणारा लॉइड हाच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय परमुलखात राहणाऱ्या माणसाने तरी सोडावा.

कोणी म्हणेल, अमेरिकेतही असे चालते. तेथे बर्फावरच्या हॉकीत कॉर्नेल विद्यापीठाचे प्रेक्षक हार्वर्डचा संघ आला की मैदानात मासे फेकतात, आणि त्याला परंपरा म्हणतात. म्हणोत बापडे! पण तेथेही अशा फेकाफेकीबद्दल पंच यजमान संघाला दंड करू शकतो. मासा परक्यावर फेकावा आणि तो आपल्याच पानात पडावा, असा हा प्रकार.

खरा प्रश्न निराळाच आहे. फेकणारा एक असतो. पण त्याच्या डावीकडे, उजवीकडे, मागे माणसे बसलेली असतात. ती हसतात, किंवा दुसरीकडे पाहतात. त्याला गर्दीत लपवतात ती हीच माणसे, आणि ती आमच्यासारखीच शिकलेली, पगारदार असतात. या मौनाची किंमत सर्वांनाच मोजावी लागते. फेब्रुवारी १९९९ मध्ये ईडनवरच पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत दंगा झाल्यावर पोलिसांनी संपूर्ण स्टेडियम रिकामे केले आणि उरलेला सामना ओसाड आसनांसमोर पुरा झाला. निमूट बसलेल्यांनाही बाहेर जावे लागले. आज मोठ्या मैदानांच्या दारांवर पाण्याची बाटली काढून घेतात. लेकराला घेऊन आलेल्या आईलाही आत जाऊन पाणी विकत घ्यावे लागते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही!

सरकारी कचेरीत उमेद घालविणाऱ्या आम्हांला हा क्रम अनोळखी नाही. एकजण सवलतीचा दुरुपयोग करतो, शेजारचे चौघे गप्प राहतात, आणि परिपत्रक निघते ते सर्वांसाठी. मग आम्ही परिपत्रकाला शिव्या देतो. शेजारच्या टेबलाकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही, कारण उद्या त्याच्याशीच चहा प्यायचा असतो.

बंदोबस्त वाढवून हा रोग हटणार नाही. २०१५ साली कटकला भारताचा डाव ९२ धावांत आटोपला, तेव्हा बंदोबस्त असूनही बाटल्या मैदानात पडल्याच. तिकीट घेणारा खेळ पाहण्याचा हक्क विकत घेतो, निकाल विकत घेत नाही, हे शेजाऱ्याला ऐकविण्याची हिंमत प्रेक्षकातच हवी. आमची मागणी एवढीच आहे: शेजारचा हात उगारला गेला तर तो धरावा, धरवत नसेल तर पोलिसाला दाखवावा, आणि तेही होत नसेल, तर दुसऱ्या दिवशी भावनेच्या उद्रेकावर आणि प्रांताच्या स्वभावावर व्याख्यान देऊ नये.